उजव्या हातातलं घड्याळ

वजनाचा काटा पुन्हा तिथेच येऊन थांबला. पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याने मोजे काढले होते, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या, श्वाससुद्धा सोडून दिला होता. काट्याला त्याचं काही नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

“डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लिव्हरवरची चरबी उतरली नाही, तर तुमच्या बहिणीला तुमच्या लिव्हरचा तुकडा बसवता येणार नाही. त्यांच्याकडे किती वेळ आहे, ते तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. ताईचे डोळे पिवळे पडले होते, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. नात्यातल्या कुणाचंच जुळलं नाही. जुळलं ते ह्याचं, आणि हाच अंगाने सगळ्यांत आडवा. आयुष्य ताज्या ब्रेडच्या वासात गेलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या हातचं खाऊन तो मोठा झाला होता, जरा जास्तच. आणि आता ती बाहेर बाकावर निकालाची वाट बघत बसली होती.

“मी चोरून खात नाही, बाई,” तो म्हणाला. “साखर बंद, लोणी बंद. सकाळ-संध्याकाळ चालतो. तुम्ही सांगितलंत तेवढंच खातो. आणि वर व्यायामात जेवढ्या कॅलरी जाळल्या, तेवढं.”

बाईंनी मान वर केली. “जाळलेलं परत खाता?”

“खायला नको? ताई रोज फोन करून विचारते, आज किती जाळलंस. तेवढा डबा पाठवते. भरून काढलं नाहीस तर भट्टीसमोर भोवळ येऊन पडशील, म्हणते.”

“थोडंफार खाल्लं तर बिघडत नाही. पण किती जाळलं हे ठरवतं कोण?”

त्याने अभिमानाने मनगट पुढे केलं. काळं, चौकोनी, पावलं आणि जाळलेल्या कॅलरी मोजणारं घड्याळ होतं. पट्ट्याच्या फटीत वाळलेलं पीठ अडकलं होतं. गेले काही महिने तो किती भूक लागली हे पोटाला विचारतच नव्हता, मनगटाला विचारत होता. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

“हे उजव्या हातात का?”

“ताईने बांधलं तसंच आहे.”

“पीठ कशाने मळता?”

“हातानेच. आमच्याकडे यंत्र नाही. पहाटेपासून उजेड होईपर्यंत तेच काम.”

“मळून दाखवा बघू. इथेच, टेबलावर.”

त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने रिकाम्या टेबलावर तळहात रोवला आणि ढकलायला, दुमडायला, पुन्हा ढकलायला सुरुवात केली. घड्याळाच्या काचेवर एक इवलासा माणूस उगवला आणि जीव घेऊन पळायला लागला. त्याच्या खालचा आकडा भराभर चढत होता. भट्टीवाला खुर्चीतून हललासुद्धा नव्हता.

त्याचा हात थांबला. घड्याळाच्या मते तो रोज पहाटे परगावी धावत जाऊन येत होता. आणि त्या न केलेल्या धावण्याचं तो इमानेइतबारे जेवत होता. ताईचे दिवस संपत आले होते आणि तो डबे चाटूनपुसून रिकामे करत होता. त्याला स्वतःची किळस आली.

बाईंनी पट्टा सोडून घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं. “मी डॉक्टरांकडून तीन आठवडे मागून घेते. चालणं चालू ठेवा, ताटात मी सांगते तेवढंच घ्या. जाळलेलं परत खायचं नाही. उतरेल वजन.”

तो मोजे हातात घेऊनच बाहेर धावला. ताई बाकाच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर सावरला.

“चूक सापडली, ताई,” तो धापा टाकत म्हणाला. “घड्याळ खोटं बोलत होतं. मी मळत होतो आणि ते त्याला धावणं समजत होतं. तीन आठवडे मिळालेत. आता बघच, कसा उतरतो ते.”

ताईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. ती त्याच्या मोकळ्या मनगटाकडे बघत होती.

“शेवटी कळलंच का त्यांना,” ती म्हणाली.

त्याला अर्थ लागेना. “त्यांना म्हणजे? तुला माहीत होतं?”

“तुझ्या शेजारी उभी राहून पीठ मळलंय मी, धाकट्या. पहिल्याच दिवशी ते घड्याळ माझ्या हातात घालून पीठ मळून पाहिलं. मग तुझ्या उजव्या हातात बांधलं.”

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. समोरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं.

“का?” तो म्हणाला.

“तुझ्या मुली अजून शाळेतसुद्धा जात नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावर तुला काही झालं तर त्यांना मी काय सांगू?”

“मग नाही म्हणायचंस. पहिल्याच दिवशी सांगायचंस, नको म्हणून. हे सगळं कशाला?”

ताईने आपला सुजलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“तेव्हा नाही म्हटलं असतं, तरी वजन उतरवून तू समोर उभा राहिला असतास, तर पुन्हा मला नाही म्हणता आलं नसतं,” ती म्हणाली. “मला जगायचंय रे.”