स्वच्छ रक्त

हवालदार मोबाइलवर बोलत इस्पितळाच्या व्हरांड्यात गेला, तेवढ्यात दीपेशने बायकोच्या भावाचा हात धरला. "दादा, माझ्याऐवजी तुम्ही रक्त द्या."

केसरीनाथने खांद्यावरचा थर्मास बाकावर ठेवला. "काय बोलताव दाजी?"

"मी प्यायलोय. आत माझं रक्त काढलं की संपलो मी."

गणेशपुरीच्या साखरपुड्यात जेवणाआधी मित्रांनी त्याला मागच्या अंगणात बसवलं आणि दोनाचे चार पेग कधी झाले ते कळलंच नाही. दादाबरोबर एसटीने जाऊ, असं मृणाली दहा वेळा म्हणाली. ऐकतो कोण? शेवटी ती भावाबरोबर एसटीने गेली आणि हा आपली नवी इंडिका घेऊन निघाला. भर दुपारी मानकोली नाक्यावर म्हातारी ठकुबाई भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. ती त्याला दिसली, पण पाय ब्रेकवर पोचेपर्यंत ती खाली पडली होती. तिच्या पायाचं हाड मोडलं होतं. वरच्या मजल्यावरून तिचं कण्हणं ऐकू येतंय की आपल्यालाच भास होतोय, हे त्याला कळेना.

"शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की सहा महिने आत जाल," असं हवालदाराने येतानाच सुनावलं होतं. म्हातारीला पाडल्याचा गुन्हा वेगळा. ती दगावली तर पुढचं विचारायलाच नको.

आणि केसरीनाथसारखा माणूस सगळ्या कशेळी गावात शोधून सापडला नसता. सहा वर्षांपूर्वी त्याने वज्रेश्वरीच्या पायरीवर शपथ घेऊन दारू सोडली होती. लग्नकार्यात सगळे झिंगलेले असले तरी हा एका कोपऱ्यात लवंग चघळत बसायचा. खांद्याला सुंठीच्या काढ्याचा थर्मास असायचा. पोटाच्या दुखण्यासाठी वैद्याने दिलेला काढा तो. फार कडक आहे, तुम्हाला सोसायचा नाही, म्हणून तो कुणाला घोटभरही देत नसे. दारात गाडी उभी असून त्याने मध्यंतरी स्टिअरिंगला हात लावायचंच सोडलं होतं. जायचं तिथे एसटीने जायचा. लोकांना त्याच्या साधेपणाचं फार कौतुक होतं, आणि मृणाली तर उठता-बसता नवऱ्याला दादाचंच उदाहरण द्यायची.

"मना नको घ्या यात," केसरीनाथ म्हणाला. "दुसरा कोनी बघा."

"तुमच्याइतकं स्वच्छ रक्त दुसऱ्या कुणाचं आहे, दादा?"

"न्हाय दाजी. पाप हाय ते."

त्याचे हात थरथरत होते. खोटं काम सांगितलं की सज्जन माणूस असाच हादरतो. दीपेशला स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

फोन आल्यावर भावाबरोबर धावत आलेली मृणाली बाकाच्या टोकावरून उठली आणि भावापुढे हात जोडून उभी राहिली. "दादा, उन्नती चार वर्षांची हाय. तिच्यासाठी कर."

केसरीनाथ दीपेशकडे वळून हळूच म्हणाला, "प्यायला तर चालवाची न्हाय, दाजी. मानसानं एवढं तरी पाळावं." आणि तो उठला.

"रक्त बघून मला चक्कर येते, मेहुण्याला बरोबर नेतो," असं दीपेशने हवालदाराला सांगितलं. हवालदार दारातच थांबला. पडद्याआड रक्त काढायला बसलेला नामा दीपेशच्या आळीतलाच होता. एका खुणेत त्याला सगळं कळलं. केसरीनाथने बाही वर केली आणि सुई टोचताना डोळे मिटून घेतले.

नामाने नाक मुरडलं. "दोघांची एकट्यानेच प्यायलास काय रे? काय भपका मारतोय."

दीपेशने ओठ घट्ट मिटले. बाटलीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लागली, कागदावर त्याने सही केली.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. ते त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच माहीत. दारात मोटरसायकल थांबली की तो खिडकीआडून बघायचा. ठकुबाई वाचली, पायाला प्लास्टर घालून घरी गेली, तेव्हा तो रडला. त्या दिवसापासून त्याने ग्लासाला हात लावला नव्हता.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा मृणालीने भावालाही बरोबर घेतलं. दादा असला की तिला धीर यायचा. दोघं मागच्या बाकावर बसली, थर्मास मध्ये ठेवून.

हवालदाराने कागद उलगडला. "तीसच्या वर गुन्हा, सांगितलं होतं ना? तुमचं दोनशे बारा आहे. एवढी पिऊन उभे कसे होतात हो तुम्ही?"

"शक्य नाही," दीपेशच्या तोंडून निघून गेलं.

"का? रक्त तुमचं नव्हतं?"

टेबलावर त्याच्या सहीचा कागद होता. मागे बाक करकरलं.

"माझंच होतं," दीपेश म्हणाला आणि मागे वळला.

मृणालीने थर्मास उचलला होता. केसरीनाथने घाईने हात पुढे केला, पण तिने झाकण फिरवून काढलं आणि थर्मास नाकाशी नेला. सुंठीचा वास आला नाही.