नेहमीचं उत्तर

बाहेरच्या देशात मिळणारं एका दुर्धर आजाराचं औषध इथे आणता यावं म्हणून खासदारसाहेबांनी संसदेत विधेयक मांडलं होतं. दोन वर्षं ते नुसतं पडून होतं. त्याबद्दल लोकांची पत्रं यायची, त्यांना साहेबांच्या ऑफिसातली टायपिस्ट बाई उत्तरं पाठवायची. आणि तिचा सुतार नवरा घरी अंथरुणाला खिळून त्याच औषधाची वाट बघत होता.

“रोज त्यांच्या दाराबाहेर बसतेस, एका शब्दाने विचारत नाहीस!” तो चिडायचा. तिने चारदा विचारलं होतं. चारही वेळा साहेबांच्या पीएंनी, “लेखी द्या, सगळे देतात तसं,” म्हणून वाटेला लावलं होतं.

शेवटी त्यानेच पडल्या पडल्या, लाकडावर खुणा करायच्या जाड पेन्सिलीने पत्र लिहिलं. एका पानाला तीन दिवस लागले. तिने ते पीएंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर पत्र तिच्याच टेबलावर परत आलं. कोपऱ्यात शेरा होता : ‘नेहमीचं उत्तर पाठवा.’

आठवड्याने ती घरी आली, तर नवरा चक्क उशीला टेकून उठून बसलेला. “अगं, साहेबांचं उत्तर आलं! ‘आपलं पत्र वाचून मन हेलावलं, धीर सोडू नका,’ म्हणतात. आणि ही बघ, खाली स्वतः सही केलीय!”


साहेबांच्या सहीचा रबरी शिक्का मारून मारून शाईने निळा झालेला अंगठा तिने हळूच मुठीत लपवला.