घाट उतरण्याआधी

"ताई, आता कसली तपासणी? निघा लवकर!" सुखलाल कळवळून म्हणाला. मागच्या सीटवर त्याची बायको बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती.

सफारीची जीप चालवणारी शेवंता मात्र नेहमीप्रमाणे चाकांपाशी वाकली. एका चाकाच्या आत बोट ओलं झालं. ब्रेकचं तेल गळत होतं, आणि पुढे सगळा उताराचा घाट.

तिनं पाइपाचा नट आवळला, तेल भरलं, सुखलालला पेडल मारायला लावून आतली हवा काढली. बाईच्या प्रत्येक कण्हण्यासरशी शेवंताचा जीव कासावीस होत होता. आपण उशीर तर करत नाही ना?

घाटाच्या तिसऱ्या वळणावर रानगवा आडवा आला. करकचून ब्रेक लागला. जीप हातभर अंतरावर थांबली.

मुलगी झाल्याचं सांगायला सुखलाल दवाखान्यातून धावत आला, तेव्हाही शेवंताचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.