बँकॉकची मीटिंग

“पहिल्या दिवशी झोपलेला बुद्ध, दुसऱ्या दिवशी पाण्यावरचा बाजार,” बन्सी म्हणाला, “अन् तिसरा दिवस आपला.”

बद्रीनाथनं डोळा मारला. जाधववाडीतल्या ‘लक्ष्मी कृषी सेवा केंद्रा’त दोघं खताच्या गोण्यांवर बसून मोबाईलात बँकॉक बघत होते. गल्ल्यावर बन्सीची बायको लक्ष्मीबाई गिऱ्हाइकाला कपाशीची पाकिटं देत होती. बाईच्या नावानं सवलत मिळते म्हणून पाटीपासून लायसनपर्यंत सगळं लक्ष्मीचं; दुकानात दिवसभर राबायचीही तीच. बाजारभर ‘शेठ’ मात्र बन्सीच.

बियाण्याच्या कंपनीनं यंदा चांगल्या विक्रीबद्दल बँकॉकची सहल लावली होती. दर दुकानामागं दोन जागा. दुसरी जागा बन्सीनं परस्पर बद्रीनाथला कबूल करून टाकली. शाळेपासूनचा दोस्त ना!

“माझाबी पासपोर्ट हाय की,” लक्ष्मीबाई हळूच म्हणाली.

नणंदेच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून तिनं आणि सासूनं, सारजाबाईनं, मोठ्या हौसेनं पासपोर्ट काढले होते. पण नणंदच माहेरी आली आणि पासपोर्ट कपाटात पडले. विमान काही लक्ष्मीबाईच्या मनातून गेलं नव्हतं.

“अगं, मीटिंग हाय ती. दिवसभर नुसती भाषणं. कंटाळशील तू.”

“मग हा बुद्ध अन् बाजार?”

“मधल्या सुट्टीत.”

लक्ष्मीबाईला वाईट वाटलं, लई वाटलं. पण ती भांडली नाही. बन्सीचा जीव भांड्यात पडला.

कंपनीच्या साहेबांचा फोन लक्ष्मीबाईनं स्पीकरवर घेतला तेव्हा बन्सी शेजारीच बसला होता. “प्रोप्रायटर येणार ना नक्की?” साहेबांनी विचारलं.

“येणार म्हंजे? एका पायावर तयार हाय!” बन्सी बसल्या जागेवरूनच ओरडला. “बाकीचं हिला सांगा, ही करील सगळं.” आणि तो चहाला गेला.

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मीबाईच सहलीत लक्ष घालू लागली. “बाजार गावाबाहेर हाय, पहाटंच निघावं लागंल. मंदिरं सकाळीच उरकायची, दुपारी फरशीनं पाय भाजत्यात. अन् बद्रीभाऊजी, खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत. तुमची ती अर्धी चड्डी नाय चालायची.”

“वहिनी, तुम्ही तर गाईडच झाल्या!”

“साहेबांना विचारलं मी. साडी चालती का, तेबी विचारलं. चालती म्हणले.”

“घ्या!” बन्सी खदखदून हसला. “बद्री, साडी नेसतो का?”

लक्ष्मीबाईही हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. किती दिवसांनी अशी हसत होती! बायको खुशीत आहे हे बघून बन्सीला बरं वाटलं. बॅगाही तिनंच भरल्या. त्यानं उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सासू-सुना चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडायला आल्या. सारजाबाईनं नवंकोरं लुगडं नेसलं होतं, अन् पायात पांढरे बूट.

“म्हातारीला कशाला आणलं?” बन्सी पुटपुटला.

“त्यांना विमान बघायचंय.”

बद्रीनाथ काळा चष्मा लावून आधीच हजर होता. कंपनीचा माणूस हार घेऊन आला. “लक्ष्मी कृषी सेवा केंद्र! प्रोप्रायटर आणि सोबत एक.”

बन्सीनं मान पुढं केली. बद्रीनाथनंही केली.

हार त्यांच्या अंगावरून पुढं गेले. एक लक्ष्मीबाईच्या गळ्यात पडला, दुसरा सारजाबाईच्या.

“अवो साहेब, चुकलं काहीतरी…” बन्सी म्हणाला.

“नाय चुकलं,” लक्ष्मीबाई म्हणाली. तिनं त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि त्याच हातात दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. मग सासूचा हात धरून ती दाराकडं निघाली. दारातून मागं वळून म्हणाली,

“येते हं. मधल्या सुट्टीत फोन करीन.”