नकलेसाठी नाडी

कोर्टाच्या नक्कल विभागातल्या नाडी मोजणाऱ्या मशीनवर कांचनने पुन्हा हात ठेवला.

"आधीच्या नवऱ्याचं नाव घ्या," कारकून म्हणाला.

"सुदाम."

नाव घेतलं आणि तिची नाडी धाडधाड उडायला लागली. पडद्यावर आलं, 'लग्न अजून जिवंत आहे. घटस्फोटाची नक्कल मिळणार नाही.'

"ताई, आधी मनातनं काढा त्यांना. मग या."

"मनात कोण ठेवतंय त्याला?" तिची पोरगी प्राची खवळली. "रोज पिऊन येतो आणि दार बडवतो. पोलीस म्हणतात, नक्कल दाखवा, मग त्याला उचलतो. आई घाबरते, म्हणून ठोके वाढतात!"

"मशीनला ठोके कळतात. भीतीचे का प्रेमाचे, ते नाही कळत. मी काय करू?"

"असं होय?" प्राचीने आईचा हात बाजूला सारला आणि स्वतःचा थापकन ठेवला. "सुदाम!" ती दातओठ खात ओरडली.

पडदा लाल झाला. 'लग्न अजून जिवंत आहे.'

कारकून एकदा पडद्याकडे, एकदा त्या चौदा वर्षांच्या पोरीकडे बघत राहिला.

"बघताय काय नुसते? बाप आहे तो माझा," प्राची म्हणाली. "आता मलापण घटस्फोट द्या त्याच्यापासून."