पन्नास मुलांचा नियम

“अकरा,” इंजिनिअरसाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. “सकाळच्या अर्ध्या तासात रस्ता ओलांडून शाळेत चालत जाणारी मुलं फक्त अकरा. सिग्नलसाठी किमान पन्नास लागतात.”

टपालमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं खांद्याला टपालाची पिशवी लावून तिने सगळा भाग पायी पालथा घातला होता. निवृत्त झाल्यावर नातीला शाळेत पोचवायचं काम तिने हौसेने मागून घेतलं. आणि मागच्याच आठवड्यात शाळेसमोर एका टेम्पोने नातीच्या पाठीवरचं दप्तर ओरबाडून नेलं. दप्तर गेलं, पोर वाचली. टेम्पोवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“साहेब, सिग्नल नाही म्हणून तर लोक मुलांना चालत पाठवत नाहीत.”

“आणि मुलं चालत येत नाहीत म्हणून सिग्नल मिळत नाही. मला कळतं हो, मावशी. पण नियम आहे.”

“तीस वर्षं टपालात काढली मी. इथे पत्रं पडत नाहीत म्हणून इथे पेटी नको, असं आमचं खातं कधी म्हणालं नाही.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर कचाकचा भांडता तरी आलं असतं. त्यांनी दोन महिन्यांनंतरचा एक सोमवार ठरवून दिला. त्या दिवशी ते स्वतः येऊन मोजणार होते. पन्नास भरले तर सिग्नल, नाहीतर फाइल बंद.

मावशीने जिवाचं रान केलं. कुठल्या दाराची बेल बिघडलेली आहे आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे तिला पाठ होतं. दार उघडलं की सबबी तयारच असायच्या. दप्तर जड आहे, सकाळी घाई होते, ऊन लागतं. एका बापाच्या गच्चीवर शाळेची घंटा ऐकू येत होती, तरी हा पठ्ठ्या मुलाला रोज गाडीतून सोडत होता.

“पाचशे पावलांसाठी गाडी? तुमचा पोरगा काय काचेचा आहे?” मावशी फटकन म्हणाली.

बाप ओशाळला. दुसऱ्या दिवशी पोरगा चालत आला.

तिने टपालासारखे फेरे आखले. प्रत्येक गल्लीची वेळ ठरली. रांगेच्या पुढे एक मोठं माणूस, मागे एक. शाळेसमोर ती स्वतः हात आडवा करून रस्त्यात उभी राहायची आणि हॉर्न वाजवणाऱ्याला असं काही सुनवायची, की तो काच वर करून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात सतरा मुलं झाली. मग एकतीस. शेवटच्या शुक्रवारी चौसष्ट मोजली आणि तिने घरी येऊन चक्क नातीबरोबर गिरकी घेतली.

रविवारी संध्याकाळी ती पुन्हा दारोदार फिरली.

“उद्या साहेब येणार आहेत. एकही मूल गैरहजर नको, एकालाही उशीर नको. आणि पोरं कशी टापटीप दिसली पाहिजेत. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“काळजीच करू नका, मावशी,” घराघरातून उत्तर आलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सोमवारी साहेबांच्या स्वागताला हवं म्हणून ती नातीला घेऊन अर्धा तास आधीच पोचली. साहेब शाळेच्या भिंतीलगत फुटपाथवर खुर्ची टाकून बसले. त्यांच्या डाव्या हातात चालत येणारी मुलं मोजायचं यंत्र होतं, उजव्या हातात गाड्या मोजायचं. नात रस्ता ओलांडून आली तसं डावं यंत्र कट् वाजलं.

“चला, भोपळा तर फुटला,” मावशी म्हणाली.

मग एक गाडी आली. धुऊन पुसून लख्ख केलेली. तिच्यामागे दुसरी. मग तीन स्कूटर, मग गाड्यांची रांगच लागली. उजवं यंत्र कटकट वाजू लागलं. तो ‘काचेचा नसलेला’ पोरगाही कडक इस्त्रीच्या कपड्यांत मागच्या सीटवरून उतरला.

मावशी धावत एका खिडकीशी गेली. “अहो, चालत का नाही आलात?”

“रोज चालतोच की!” आतली आई म्हणाली. “आज साहेब बघणार. म्हटलं, बूट धुळीने माखायला नकोत आणि उशीरही नको. तुम्हीच सांगून गेलात ना?”

“मागे फिरा! सगळे मागे फिरा! चालत या!” मावशी घसा फोडून ओरडली. हॉर्नच्या गदारोळात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शाळेची घंटा झाली.

मावशी डोळे पुसत परतली तेव्हा साहेब उभे राहून भराभरा लिहीत होते. त्यांचा चेहरा खुलला होता. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना या बाईसाठी काहीतरी करता येणार होतं.

“मावशी, तुमची खेप फुकट जाणार नाही,” ते म्हणाले. “एवढ्या गाड्या म्हणजे नियमात अगदी चोख बसतं. येत्या आठवड्यातच हा फुटपाथ उखडतो आणि गाड्या उभ्या करायला जागा करून देतो.”