स्वतंत्र एकक

विद्युतप्रभाराला स्वतःचं एकक लागत नाही, सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदातच सारं विश्व मावतं, असं देवस्थळी सर वर्गात आयुष्यभर ठणकावत आले. शेजारच्या वर्गात त्यांची बायको मात्र प्रभारासाठी ‘कूलोम’ हे स्वतंत्र एकक शिकवायची.

“अहो, बिचाऱ्या प्रभाराला स्वतःचं नाव द्या की,” ती डबा उघडताना म्हणायची.

“तुला माझं नाव पुरलंच ना?” म्हणत सर तिचीच भाजी संपवायचे.

ती गेली. तेरावं उरकून सर वर्गावर आले. उदाहरण सोडवलं, उत्तरापुढे खडू टेकवला आणि जन्मात पहिल्यांदा ‘कूलोम’ लिहिलं. वळून पाहिलं, तर वर्ग निवांत उतरवून घेत होता.

“आज मी एकक बदललंय,” सर खाकरून म्हणाले.

“सर, आम्ही पहिल्यापासून हेच लिहितो,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “मॅडम मधल्या सुट्टीत येऊन म्हणाल्या होत्या, सरांना सांगू नका, पण त्यांच्या एककाला परीक्षेत मार्क नाहीत.”